दोन वॉट, दोन कर्णे

छापखान्यात एकोणतीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसाला जगात दोनच गोष्टी दिसतात: चुका, आणि दुसऱ्या कोणाला न दिसलेल्या चुका. ऑफिसात त्यांना सगळे अनुस्वारराव म्हणत. हे नाव प्रेमाने पडलं अशी त्यांची समजूत होती, आणि सगळ्या छापखान्यात ही एकच चूक अशी होती की जी कोणी दुरुस्त करायला गेलं नाही.

छापखान्यासमोर एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिकचं दुकान होतं. ते बंद व्हायला आलं तेव्हा अनुस्वारराव सहज डोकावले. सहज डोकावणं हे मध्यमवर्गीय माणसाच्या निम्म्या संकटांचं मूळ आहे. उरलेली निम्मी सवलतीत मिळतात म्हणून येतात. मेकॅनिकने स्वतःच्या हाताने बनवलेला एक अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर ठेवला होता. लोखंडी पत्र्यावर काचेचे चार व्हॉल्व्ह, प्रत्येकात विझत आलेल्या निखाऱ्याएवढा उजेड.

"ताकद किती?" अनुस्वाररावांनी विचारलं.

"दोन वॉट."

"फक्त दोन?"

"दोन, पण शुद्ध."

शुद्ध हा शब्द ऐकला की अनुस्वाररावांचा विवेक सुटत असे. ते अ‍ॅम्प्लिफायर छातीशी धरून घरी आले.

घरी त्यांचे जुने स्पीकर होते. त्यांना तो जोडला. आवाज आला, नाही असं नाही, पण दारात चपला काढायला संकोचणाऱ्या पाहुण्यासारखा उंबऱ्यातच उभा राहिला. नेमका त्या रविवारी मेहुणा आला. मेहुण्याच्या घरी अशी यंत्रणा होती की तिचा आवाज वाढवला की कपाटातले पेले आपोआप पुढे सरकत. तो पाच मिनिटं सोफ्यावर बसला, मग म्हणाला, "भाऊजी, लावताय ना?"

"लावलेलंच आहे."

"अच्छा. मला वाटलं शेजारी कोणीतरी आंघोळ करताना गुणगुणतंय." मग उठून त्याने अ‍ॅम्प्लिफायर जवळून न्याहाळला. "दोन वॉट? माझ्या दाढीच्या मशीनला याहून जास्त ताकद आहे."

मेहुणा हसला ते अनुस्वाररावांनी पचवलं असतं. मेहुण्यांची ती रीतच असते. पण स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली बायकोही हसली, आणि ते घशात अडकलं.

दुसऱ्या दिवशी ते मेकॅनिककडे गेले. मेकॅनिक दुकानातले खिळे डब्यात भरत होता. त्याने मान वर न करता निदान केलं. "दोष माझ्या यंत्राचा नाही. तुमचे स्पीकर आळशी आहेत. शंभर वॉटचा रट्टा बसल्याशिवाय ते जागचे हलत नाहीत. याला कर्णा पाहिजे. नदीपलीकडच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडापाशी दोन हात धरतो ना? तेच. फुप्फुसं तेवढीच, पण हाक पोचते."

कर्ण्याचा निर्णय त्याच क्षणी झाला. घरात मात्र तो शब्द रुळला नाही. बायको भोंगा म्हणाली.

"भोंगा गिरणीचा असतो," अनुस्वारराव म्हणाले. "हा कर्णा."

"बरं. आणि हा कर्णा राहणार कुठे?"

"केवढा घेऊ ते ठरल्यावर सांगतो."

केवढा घ्यावा हे ठरवायला सात आठवडे लागले. कर्णे तयार मिळत होते, पण ते राजेमहाराजांसाठी. अनुस्वाररावांसारख्यांसाठी किट असतं. म्हणजे फळ्या कापून येतात, सोबत स्पीकर, स्क्रू आणि एक माहितीपत्रक येतं, आणि पश्चात्ताप ज्याचा त्याने घालायचा असतो. अशी तीन किटं त्यांनी निवडली. पहिलं टेबलावर मावणारं होतं. त्यात वरचे सूर वाजत आणि खालचे समजून घ्यावे लागत. दुसरं कमरेएवढं होतं, आणि ज्याला कळतं असा प्रत्येक माणूस म्हणत होता की हेच घ्या. पण त्याच्या माहितीपत्रकात ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका निघाल्या, आणि ज्यांना 'ध्वनी' लिहिता येत नाही त्यांच्याकडून ध्वनी विकत घेणं अनुस्वाररावांच्या तत्त्वात बसेना. तिसरं सगळ्यात मोठं. त्याच्या पोटात खर्जाची वाट आतड्यासारखी दुमडून बसवलेली, उलगडली तर चांगली अडीच मीटर भरेल अशी. त्याचं पत्रक बारा पानांचं होतं आणि त्यात एकही चूक नव्हती. केवळ शुद्धलेखनावर स्पीकर निवडणारा माणूस याआधी झाला नसावा.

सल्ले अर्थातच आले. वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांनी जिन्यात उभं राहून भिंतीवर बोटाने गणित मांडलं. "तुमच्या खोलीत एवढी लांब लाट मावणारच नाही. खर्जाचा अर्धा सूर तुमच्या घरात वाजेल आणि अर्धा जिन्यात." खालच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर राहत, सोसायटीचे सेक्रेटरीही तेच. त्यांनी अनुस्वाररावांच्या खांद्यावर हात ठेवला. "मोठाच घ्या. माणसाने हौस अर्धवट करू नये." सगळ्या इमारतीत आपल्याला समजून घेणारा हा एकच माणूस, असं अनुस्वाररावांना वाटलं आणि त्यांचे डोळे किंचित ओले झाले.

किट विकणाऱ्याने फोनवर विचारलं, "साहेब, खोली केवढी आहे?"

"पुरेशी," अनुस्वारराव म्हणाले. खोली मोजायचा विचार त्यांच्या मनात आला होता, पण मोजल्यावर उत्तर मिळतं ही त्यातली अडचण होती.

बायकोला त्यांनी सांगितलं, "साधारण माणसाएवढा असतो."

"कोणत्या माणसाएवढा?"

यावर त्यांनी पेपर उघडला.

पार्सल पंधरा दिवसांत आलं, म्हणजे गावातल्या पार्सल कचेरीपर्यंत आलं. अनुस्वारराव पावती घेऊन गेले तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने खोक्यावरचा मजकूर बोट फिरवत वाचला. "कर्णा, नग दोन. परवाना?"

"कसला परवाना?"

"ध्वनिक्षेपकाचा. कर्णे म्हणजे सभा, मिरवणूक, जाहीर घोषणा. पोलिसांचा परवाना दाखवल्याशिवाय माल सुटत नाही."

"अहो, हे घरात गाणी ऐकायचे कर्णे आहेत."

"मग खोक्यावर स्पीकर लिहायचं."

आता इथे कोणीही सुज्ञ माणूस 'चुकून लिहिलंय' असं म्हणाला असता. पण खोक्यावरचा शब्द अचूक होता, आणि बरोबर छापलेल्या शब्दाला चूक म्हणणं अनुस्वाररावांच्या जिभेला जमण्यासारखं नव्हतं. ते पोलीस चौकीत गेले.

चौकीतल्या हवालदाराने अर्ज दिला. 'कार्यक्रमाचे स्वरूप' या रकान्यात अनुस्वाररावांनी लिहिलं: श्रवण. 'अपेक्षित जनसमुदाय': एक. जरा विचार करून पुढे लिहिलं: पत्नीची इच्छा असल्यास दोन. 'समाप्तीचा दिनांक': सांगता येत नाही. मग सवयीने अर्जावरून नजर फिरवली आणि छापील मजकुरात दोन जागी दीर्घ वेलांटी ऱ्हस्व केली, खिशातल्या लाल पेनने.

हवालदाराने अर्ज वाचला. "काका, एका माणसाच्या सभेला परवानगी लागत नाही."

"मग लागत नाही असं लिहून द्या."

"लागत नाही असं लिहून द्यायला मोठ्या साहेबांची परवानगी लागते."

मोठे साहेब दोन दिवसांनी भेटले. त्यांचं लक्ष मजकुराकडे गेलंच नाही. "सरकारी कागदावर लाल शाई कोणी वापरली?" त्यांनी विचारलं. लाल शाई फक्त त्यांनी वापरायची असते, हे अनुस्वाररावांना तिथे कळलं. नवा अर्ज, नवी फेरी, पुन्हा दोन दिवस. शेवटी शिक्का मारलेला कागद हातात पडला: 'सदर इसमाचे कोणीही ऐकत नसल्याने परवान्याची आवश्यकता नाही.' अनुस्वाररावांनी तो तीनदा वाचला. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, आणि हेच जास्त लागलं.

पार्सल घरी आलं ते टेम्पोतून. अठ्ठ्याण्णव फळ्या. सुताराला बोलावलं, तर त्याने पत्रक उलटंसुलटं बघितलं आणि विचारलं, "याचं दार कुठे आहे?" दार नाही म्हटल्यावर, दार नसलेलं कपाट आपण करत नाही असं सांगून तो निघून गेला. मग अनुस्वाररावांनी आठ दिवसांची रजा काढली आणि झोपायच्या खोलीचा कारखाना केला. पलंग उभा करून भिंतीला टेकवला. बायकोचं शिलाई मशीन स्वयंपाकघरात ओट्याशेजारी गेलं. गाद्या बाहेरच्या खोलीत आल्या. "तात्पुरतं आहे," ते म्हणाले. बायकोने काही म्हटलं नाही. ती हल्ली बऱ्याच गोष्टींना काही म्हणत नसे, आणि याचा अर्थ आपलं पटतंय असा घेऊन अनुस्वारराव सुखात होते.

पहिले तीन दिवस काम झकास चाललं. फळीला डिंक, फळीवर फळी, वरून शिकंजे. चौथ्या दिवशी त्यांना पत्रकात चूक सापडली.

बारा पानांत एक. त्यांना झालेला आनंद शब्दांत सांगणं अवघड आहे. सतराव्या आणि अठराव्या फळीत सात सेंटीमीटर अंतर ठेवा असं छापलं होतं, आणि पुढच्या प्रत्येक जोडीत ते सतराच्या वर होतं. उघड होतं की टाइप जुळवणाऱ्याच्या हातून एक गळला. अनुस्वाररावांनी लाल पेन काढलं, सातामागे एक लिहिला, समासात सही केली आणि दोन्ही कर्ण्यांत त्याप्रमाणे फळ्या चिकटवल्या. संध्याकाळी बत्तिसावी फळी बसेना. दाबून बसेना, ठोकून बसेना, समजावूनही बसेना. त्यांनी विकणाऱ्याला फोन केला.

"तुमच्या पत्रकात चूक होती," ते मोठ्या मनाने म्हणाले. "मी दुरुस्त केली आहे. पण आता बत्तिसावी फळी..."

पलीकडून आधी कोणत्या फळ्या ते विचारून झालं. मग विकणारा म्हणाला, "साहेब, तो कर्ण्याचा घसा आहे. घसा अरुंदच असतो. तुम्ही घशात पोट बसवलंत."

दोन दिवस करवत चालली. खालून मॅनेजर येऊन बघून गेले, म्हणाले, "चालू द्या, चालू द्या," आणि जाताना वळून पुन्हा बघून गेले. अनुस्वाररावांनी रजा वाढवली. रजेच्या अर्जात कारण लिहायचं होतं. त्यांनी 'घशाची शस्त्रक्रिया' लिहिलं, आणि ते एका अर्थी खरंच होतं.

आठवडाभराने उजवा कर्णा उभा राहिला. उंची अनुस्वाररावांपेक्षा चार बोटं जास्त. रुंदी दारापेक्षा एक वीत जास्त, म्हणजे हा आता खोलीबाहेर जाणार नव्हता, कधीच. त्याचं तोंड वळवायला जागा नव्हती म्हणून ते गॅलरीकडच्या उघड्या खिडकीकडे राहिलं. मागे स्पीकर बसवायचं वाटोळं भोक होतं, त्याच्या कडेला त्यांनी नुकताच डिंक लावला होता. आतली वाट मोकळी आहे का, कुठे डिंकाचा गोळा अडकला नाही ना, हे बघायला ते गुडघ्यांवर बसले. डोळ्याला काही दिसेना म्हणून त्यांनी भोकाला कान लावला.

आणि त्यांना ऐकू आलं.

कर्णा जसा आवाज बाहेर फेकतो तसा तो बाहेरचा आवाज आतही गोळा करतो, हे पत्रकात कुठेही लिहिलेलं नव्हतं. आधी इमारतीखालच्या बाकावर बसलेले मॅनेजर ऐकू आले, अगदी शेजारी बसून बोलावं तसे. "मीच सांगितलं मोठा घ्या म्हणून. निवृत्त झाल्यापासून करमणूक म्हणून काही नव्हतीच हो." त्यावर प्राध्यापक खुदकन हसले. प्राध्यापकांना हसता येतं हे अनुस्वाररावांना माहीत नव्हतं.

ते ताडकन उठायला गेले आणि उठता येईना. डिंक चांगल्या प्रतीचा होता. कानाची पाळी आणि कल्ल्याचे केस भोकाच्या कडेला धरून बसले होते. त्यांनी हलकेच ओढून पाहिलं, डोळ्यांत पाणी आलं. हाक मारावी तर बायकोला कळणार, आणि आज गॅलरीत तिच्यासोबत मेहुणाही बसलेला होता. आत्मसन्मान की कान, असा प्रश्न होता. तेवढ्यात कर्ण्यातून तेच दोघं बोलू लागले.

"ताई, तू हे चालवून कसं घेतेस?" मेहुणा म्हणत होता.

"अरे, दारू नाही, पत्ते नाहीत. फळ्या चिकटवतात. चिकटवू देत."

अनुस्वाररावांना भरून आलं. बायको आपली बाजू घेत होती, तीही माहेरच्या माणसासमोर. त्यांनी कान आणखी दाबून धरला, म्हणजे धरायची गरज नव्हती.

"एवढंच वाटतं," बायकोचा आवाज आला, "की ते गाण्यातला श्वाससुद्धा ऐकतात. आणि मला दोन महिने झाले, उजव्या कानाने कमी ऐकू येतंय. मी सांगितलं त्यांना."

"मग?"

"म्हणाले, हं, ठेव तिथे."

मेहुणा काही बोलला नाही. हा माणूस गप्प बसू शकतो हेही अनुस्वाररावांना आजच कळत होतं.

"परवा एकटीच जाऊन आले डॉक्टरकडे. म्हणाले, गेलंय ते परत येणार नाही, डावा सांभाळा. कानाला मशीन लावा म्हणाले. बघू. यांचं हे एकदा होऊन जाऊ दे, मग सांगेन परत."

चहाचे कप उचलल्याचा आवाज झाला. त्या गुडघ्यांवर बसल्या जागी अनुस्वाररावांनी आठवायचा प्रयत्न केला. दोन महिन्यांपूर्वी काय चाललं होतं? तीन किटांची तुलना चालली होती. ती शेजारी येऊन उभी राहिली होती हे आठवलं, काहीतरी म्हणाली हे आठवलं, त्यांच्या हातात फूटपट्टी होती हेही आठवलं. तिचे शब्द मात्र काही केल्या आठवेनात. ते छापून आले असते तर त्यातली मात्रासुद्धा त्यांच्या नजरेतून सुटली नसती.

बायको खोलीत आली ती उभ्या केलेल्या पलंगामागून चादर काढायला. नवरा भोकाला कान लावून गुडघ्यांवर बसलेला. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा कर्ण्याच्या तोंडाकडे, एकदा खिडकीतून गॅलरीकडे. मग ती स्वयंपाकघरात जाऊन कोमट पाणी आणि कात्री घेऊन आली.

"हलू नका."

तिने केस कापले, फडकं भिजवून कान हळूहळू सोडवला. थोडी कातडी कर्ण्यालाच राहिली. अनुस्वाररावांनी हूं की चूं केलं नाही. सुटल्यावर ते तिच्या उजव्या बाजूला उभे राहून हळूच म्हणाले, "मला माफ कर."

ती फडकं पिळत राहिली. तिला ते ऐकू आलंच नव्हतं. आणि पुन्हा, मोठ्याने म्हणायचा धीर त्यांना झाला नाही. मोठ्याने त्यांनी विचारलं ते असं: "डॉक्टरांनी मशीन कोणतं सांगितलंय?"

"आता त्याचंही सात आठवडे बघत बसू नका," ती म्हणाली.

त्यांनी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी ते तिच्याबरोबर गेले, डॉक्टरांच्या खोलीत गप्प बसले, आणि भिंतीवरच्या तक्त्यात 'श्रवणशक्ति' असं छापलेलं असूनही खिशाकडे हात नेला नाही. मशीन महिन्याभराने मिळणार होतं.

मधल्या काळात डावा कर्णा पुरा झाला. आता तो अर्धा सोडणं म्हणजे अर्धी खोली फळ्यांनी भरून ठेवणं होतं. दोघांची तोंडं खोलीच्या आत वळवायला खिडकीचा गज कापावा लागला, आणि 'इमारतीच्या दर्शनी भागात विनापरवाना बदल' या सदराखाली मॅनेजरांची नोटीस आली. अनुस्वाररावांनी ती न तपासता घडी घालून ठेवली. पत्रकाप्रमाणे ऐकणाऱ्याने कर्ण्यांपासून बारा फुटांवर बसायचं होतं. खोली नऊ फूट होती. बारा फूट मोजत मागे मागे गेल्यावर ती जागा दाराबाहेर, बोळ ओलांडून स्वयंपाकघरात निघाली, बरोबर ओटा आणि शिलाई मशीन यांच्यामध्ये. तिथे एकच खुर्ची मावत होती.

ऐकायच्या पहिल्या दिवशी मेहुणा आला. त्याने न सांगता ती खुर्ची धरली. अनुस्वारराव म्हणाले, "तुम्ही जरा उठा." आयुष्यात मेहुण्याला ते पहिल्यांदाच उठ म्हणत होते. मेहुणा उठून फ्रिजला टेकला. बायको भाजी निवडत होती; तिचं ताट घेऊन त्यांनी ओट्यावर ठेवलं आणि तिला खुर्चीत बसवलं.

व्हॉल्व्ह तापले. तबकडी फिरली. एक बाई गात होती, बऱ्याच वर्षांपूर्वी कुठल्यातरी खोलीत गायलेली, आणि आता ती बोळाच्या पलीकडे उभी होती, हात लांब केला तर पदर लागेल इतकी. दोन वॉट, आणि सगळं घर भरून गेलं. मेहुणा काहीतरी बोलायला तोंड उघडून तसाच राहिला. अनुस्वाररावांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहायचं त्यांनी कितीतरी दिवस ठरवून ठेवलं होतं, पण राहून गेलं. ते बायकोकडे बघत होते.

तिने डोळे मिटले होते. मान किंचित उजवीकडे वळवून डावा कान पुढे केला होता, आणि चेहऱ्यावर खरंखुरं सुख होतं. तबकडी संपली. तिने डोळे उघडले.

"छान झालंय," ती म्हणाली. "डावीकडचा फारच सुंदर वाजतो. उजवीकडचा केला नसतात तरी चाललं असतं."

फ्रिजपाशी मेहुण्याला जोराचा खोकला आला. अनुस्वारराव तिच्या उजव्या हाताशी उभे होते. उजव्या कर्ण्यात त्यांची पंधरा दिवसांची रजा गेली होती, कानाची कातडी गेली होती, आणि एक घसा दोनदा बांधून झाला होता. ते खुर्चीला वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला आले आणि शिलाई मशीनच्या कडेवर टेकले.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं. "परत सांग."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, भाजीचं ताट पुन्हा मांडीवर ओढून घेतलं, आणि परत सांगितलं, या वेळी जरा विस्ताराने.